कॅलिफोर्नियात स्वतःची जेट स्की : पाण्याची निवड, नोंदणी आणि कायदेशीर वापर

मालवणला किंवा तारकर्लीला जेट स्कीची फेरी मारताना आपण पैसे देतो, लाइफ जॅकेट अंगात चढवतो आणि चालकाच्या भरवशावर निर्धास्त बसतो. यंत्राची नोंदणी, परवाना, खडकांची जागा, भरती-ओहोटी या साऱ्याची काळजी त्या चालकाची असते. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांना आता स्वतःचे यंत्र घ्यावेसे वाटते, त्यांनी सर्वांत आधी हा फरक मनाशी पक्का करावा. येथे हँडल ज्याच्या हातात तोच तांडेल, आणि नावेच्या तांडेलावर जी जबाबदारी असते ती सगळी त्याच्यावर असते. नोंदणीचे काम किचकट नाही, पण त्याला एक क्रम आहे, आणि तो क्रम चुकला की पैसा आणि उन्हाळा दोन्ही वाया जातात.

‘जेट स्की’ हे मुळात कावासाकी कंपनीच्या यंत्राचे नाव आहे. यामाहाच्या यंत्राला ‘वेव्हरनर’ म्हणतात, तर ‘सी-डू’ हे बीआरपी या कॅनडातील कंपनीचे नाव. सरकारी कागदांवर या सर्वांसाठी ‘पर्सनल वॉटरक्राफ्ट’ हा एकच शब्द येतो आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्यात त्याची व्याख्याही दिलेली आहे : लांबी १३ फूट किंवा त्याहून कमी, यंत्रावर चालणारी, आणि नावेच्या आत नव्हे तर नावेवर बसून, उभे राहून किंवा गुडघे टेकून चालवण्याची नौका. या व्याख्येतला ‘नौका’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण मोटारबोटीला लागू होणारे सगळे नियम जेट स्कीलाही लागू होतात आणि शिवाय तिच्यापुरते काही जादा नियम येतात.

आधी पाणी, मग यंत्र

बहुतेक जण आधी यंत्र घेतात आणि मग ते कुठे न्यायचे याचा विचार करतात. माझे आग्रहाचे सांगणे आहे की हे उलट करावे. आपल्या घरापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर नेमक्या कोणत्या पाण्यात आपण जाणार आहोत हे ठरवावे, तेथील व्यवस्थापनाचे नियम वाचावेत आणि मगच यंत्र पाहायला निघावे.

ताहो सरोवराचे उदाहरण घ्या. तेथे कार्ब्युरेटरच्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांना १९९९ पासून बंदी आहे, कारण अशा इंजिनातून न जळालेले इंधन थेट पाण्यात जाते. एखाद्याने स्वस्तात मिळाली म्हणून नव्वदच्या दशकातली जेट स्की घेतली, तिची नोंदणी अगदी बिनचूक केली, तरी ताहोच्या धक्क्यावर तिला पाण्यात उतरवू दिले जाणार नाही. तेथे काठापासून ६०० फुटांच्या आत ताशी ५ मैलांहून अधिक वेग चालत नाही आणि एमराल्ड बे या उपसागरात तर सगळीकडेच हीच मर्यादा आहे. उतरण्याआधी तपासणीही सक्तीची असते.

समुद्राकडे जायचे असेल तर मॉन्टेरे बे राष्ट्रीय सागरी अभयारण्याची हद्द नकाशावर पाहून घ्यावी. १९९२ साली स्थापन झालेल्या या अभयारण्यात सील, समुद्री ऊद आणि पक्षी यांच्या संरक्षणासाठी जेट स्कीला फक्त बंदरांजवळच्या काही आखून दिलेल्या पट्ट्यांतच परवानगी आहे. किनारा मोकळा दिसतो म्हणून तेथे हवे तिकडे जाता येईल असे मुळीच नाही.

सध्या सर्वांत जास्त खोळंबा होतो तो सोनेरी शिंपल्यांमुळे. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्टॉकटन बंदरात हे परके शिंपले प्रथम सापडले. उत्तर अमेरिकेतील ही त्यांची पहिलीच नोंद होती. हे शिंपले जलवाहिन्या आणि पंप यांच्या आत थरावर थर चढवून ते बुजवून टाकतात, आणि त्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्ले नावेत राहिलेल्या ओंजळभर पाण्यातूनही एका जलाशयातून दुसऱ्यात पोहोचू शकतात. जेट स्कीच्या पंपात आणि तळाशी असे पाणी हमखास राहते. त्यामुळे अनेक जलाशयांनी प्रवेशाचे नियम कडक केले असून फॉल्सम सरोवरात २०२५ पासून नावेला सील लावून ३० दिवस कोरडी ठेवण्याची अट आली. स्टॉकटनच्या आसपासच्या नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात, ज्याला इकडे सगळे ‘डेल्टा’ म्हणतात, शनिवारी जेट स्की चालवून रविवारी ती फॉल्समला नेणे आता शक्य नाही. म्हणून हंगामापुरते एकच पाणी निवडावे, आणि नावेतील प्रत्येक बूच काढून, पंप वाळवून, कापडाने पुसून ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

चालवणाऱ्याचे कार्ड

१ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियात यंत्रचलित नौका चालवणाऱ्या प्रत्येकाकडे, त्याचे वय काहीही असो, ‘बोटर कार्ड’ असणे बंधनकारक झाले आहे. ही सक्ती २०१८ मध्ये वीस वर्षांपर्यंतच्या तरुणांपासून सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने वाढत सर्वांपर्यंत आली. मान्यताप्राप्त सुरक्षा अभ्यासक्रम पूर्ण करून परीक्षा द्यायची, मिळालेले प्रमाणपत्र राज्याच्या नौकानयन व जलमार्ग विभागाच्या संकेतस्थळावर सादर करायचे आणि १० डॉलर भरायचे, इतकीच प्रक्रिया आहे. कार्ड एकदा मिळाले की आयुष्यभर चालते. मोटारीचा परवाना त्याच्या जागी चालत नाही. भाड्याने घेतलेली जेट स्की चालवणाऱ्याला या कार्डातून सूट आहे, आणि माझ्या मते विकत घेण्यापूर्वी एक-दोनदा भाड्याने चालवून पाहणे केव्हाही शहाणपणाचे; मात्र अभ्यासक्रम तेव्हाही करून घ्यावा, कारण सूट कार्डापासून आहे, पाण्यावरच्या नियमांपासून नाही.

वयाची अटही येथेच सांगतो. पंधरा अश्वशक्तीहून मोठे इंजिन असलेली नौका चालवण्यासाठी किमान वय १६ आहे, आणि आजची कोणतीही जेट स्की या मर्यादेच्या कितीतरी वर जाते. १२ ते १५ वर्षांचे मूल तेव्हाच चालवू शकते, जेव्हा किमान १८ वर्षांची व्यक्ती त्याच जेट स्कीवर सोबत बसलेली असेल. बारा वर्षांखालच्या मुलाच्या हातात हँडल द्यायचेच नाही. गावाकडे स्कूटरवर पुढे उभे करून नातवाला हँडल धरू देतात तसे लाड पाण्यावर करू नयेत. भारतातून पाहुणे आले असतील तर त्यांना मागे बसवून फिरवावे, चालवायला देऊ नये.

वापरलेली जेट स्की घेताना

नवी जेट स्की दुकानातून घेतली तर विक्रेताच कर घेतो आणि नोंदणीचे कागद डीएमव्हीकडे, म्हणजे मोटार वाहन विभागाकडे पाठवतो. खरी काळजी घ्यावी लागते ती एखाद्या व्यक्तीकडून वापरलेली घेताना.

पहिले काम म्हणजे कवचाचा, म्हणजे नावेच्या बाहेरच्या अंगाचा, ओळख क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी वाचणे. तो सहसा मागच्या बाजूला, आपण हँडल धरून बसलो असता उजव्या हाताला, कवचात कोरलेला किंवा पट्टीवर ठोकलेला असतो आणि त्यात बारा अक्षरे-अंक असतात. पहिली तीन अक्षरे निर्मात्याची, पुढची पाच त्या विशिष्ट कवचाची, नववे अक्षर महिना दाखवते, दहावा अंक वर्षाचा शेवटचा आकडा, आणि शेवटचे दोन अंक मॉडेलचे वर्ष सांगतात. मी पहिल्यांदा हा क्रमांक उतरवून घेतला तो संध्याकाळी, विक्रेत्याच्या गॅरेजमधल्या अंधुक उजेडात, आणि अर्जावर शून्याच्या जागी ‘ओ’ हे अक्षर लिहिले. अर्ज परत आला, आणि जूनचा सगळा महिना जेट स्की ताडपत्रीखाली पडून राहिली. नंतर कळले की चौथ्या ते आठव्या स्थानांवर ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही अक्षरे नियमानेच वापरत नाहीत, नेमका असा घोटाळा होऊ नये म्हणून. तेथे गोल दिसला तर तो शून्यच. आता मी कोणालाही सांगतो : क्रमांकावर पातळ कागद धरा, त्यावर पेन्सिल आडवी घासा आणि तो ठसा मालकीच्या कागदाशेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. खाडाखोड, नव्याने लावलेला रंग किंवा हलणारी पट्टी दिसली तर तेथेच व्यवहार थांबवावा. १९८४ च्या ऑगस्टनंतर बनलेल्या प्रत्येक नौकेवर हाच क्रमांक दुसऱ्या, सहज न दिसणाऱ्या जागीही असतो, त्यामुळे वरवरची फसवणूक उघडकीस येऊ शकते.

दुसरे काम बोजा पाहण्याचे. सात-बारावर जसा बँकेचा बोजा चढलेला असतो, तसा जेट स्कीच्या मालकीच्या प्रमाणपत्रावर कर्ज देणाऱ्या संस्थेचा हक्क नोंदलेला असू शकतो. विक्रेता ‘कर्ज कधीच फेडले’ असे सांगेल आणि ते खरेही असेल, पण त्या संस्थेने हक्क सोडल्याची सही प्रमाणपत्रावर किंवा वेगळ्या पत्रावर नसेल तर आपल्या नावावर फेरफार होणार नाही. ही सही विक्रेत्याने आणून द्यावी आणि ती हातात पडेपर्यंत विसाराहून अधिक रक्कम देऊ नये. मालकीचे प्रमाणपत्र हरवले असेल तर दुय्यम प्रतीचे कामही त्याच्याच सहीने उरकून घ्यावे.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात : ट्रेलर. जेट स्की आणि ट्रेलर या डीएमव्हीच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत, दोन वेगळे कागद आहेत आणि ट्रेलरवर स्वतःची कायमची ओळख-पाटी असते. विक्रीपत्रात दोन्हींची किंमत वेगवेगळी लिहून घ्यावी. ट्रेलरचे कागद नसतील तर घरी जाताना महामार्गावरच अडचण येऊ शकते.

डीएमव्हीतील अर्ज

नोंदणीचा अर्ज ‘बोट १०१’ या क्रमांकाच्या नमुन्यावर करायचा असतो. त्यासोबत विक्रेत्याच्या सहीचे मूळ मालकी प्रमाणपत्र, बोजा असल्यास तो उतरल्याचा कागद, विक्रीपत्र आणि शुल्क द्यावे लागते. व्यक्तीकडून खरेदी केली असेल तर विक्रीकराऐवजी ‘यूज टॅक्स’ डीएमव्हीच वसूल करते आणि त्याचा दर आपण राहतो त्या काउंटीप्रमाणे, म्हणजे इकडच्या जिल्ह्याप्रमाणे, ठरतो. राज्याचा मूळ दर ७.२५ टक्के आहे आणि बे एरियातील, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील, बहुतेक ठिकाणी तो त्याहून बराच जास्त पडतो, तेव्हा ही रक्कम किंमत ठरवतानाच हिशेबात धरावी. पती-पत्नी किंवा आई-वडील आणि मुले यांच्यात जेट स्की नावावर करायची असेल तर या करातून सूट मिळते, पण त्यासाठी नात्याचे निवेदन भरून द्यावे लागते. गोड्या पाण्यात जाणाऱ्यांनी त्याच वेळी शिंपल्यांच्या प्रतिबंधासाठीचे शुल्क भरून त्याचे स्टिकर घ्यावे. फक्त समुद्राच्या खाऱ्या पाण्यात चालवणाऱ्याला ते लागत नाही.

दुसऱ्या राज्याची वैध नोंदणी असलेली नौका कॅलिफोर्नियात सलग १२० दिवसांपर्यंत चालते, हे ऐकून काही जण नेव्हाडात घेतलेली जेट स्की तशीच वापरत राहतात. ही मुभा इकडे फिरायला येणाऱ्यांसाठी आहे. येथे राहणाऱ्याने, येथेच चालवण्यासाठी घेतलेल्या यंत्राची नोंदणी येथे लगेच करावी.

नोंदणीची मुदत प्रत्येक विषम वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपते, म्हणजे नूतनीकरण दर दोन वर्षांनी येते. याशिवाय काउंटीचा करनिर्धारक १ जानेवारीला जेट स्की ज्याच्या नावावर असेल त्याला मालमत्ता कराचे बिल पाठवतो. हे बिल डीएमव्हीच्या शुल्काहून वेगळे आहे, त्यामुळे ते ‘आपण तर भरले आहे’ म्हणून बाजूला टाकू नये.

विम्याची राज्याकडून सक्ती नाही. तरीही तो घ्यावा, असे मी ठामपणे म्हणेन. घराच्या विम्यात जेट स्कीमुळे झालेली इजा बहुधा धरलेली नसते, आणि अमेरिकेतला रुग्णालयाचा खर्च पाहता एका धडकेत घर गहाण पडण्याची वेळ येऊ शकते.

क्रमांक कसा लावावा

नोंदणीनंतर ‘सीएफ’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो : सीएफ, मग चार अंक, मग दोन अक्षरे. तो रोमन लिपीत, साध्या उभ्या ठळक वळणात, किमान तीन इंच उंचीने, पुढच्या अर्ध्या भागात दोन्ही बाजूंना लावायचा असतो. रंग पार्श्वभूमीच्या अगदी विरुद्ध हवा आणि क्रमांक डावीकडून उजवीकडे वाचता आला पाहिजे. अंकांच्या आधी आणि नंतर एका अक्षराएवढी मोकळी जागा किंवा आडवी रेघ असते. वर्षाचे स्टिकर क्रमांकाच्या ओळीतच, तीन इंच मागे लावायचे. जेट स्कीच्या पुढच्या भागावर कंपनीची रंगीत नक्षी इतकी असते की काळी अक्षरे तिच्यात बुडून जातात. अशा वेळी आधी मागे साधी पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर क्रमांक लावावा. पृष्ठभाग स्पिरिटने पुसून, पूर्ण वाळवून, सावलीत लावला तर तो पाण्याच्या माऱ्याने सुटत नाही. नोंदणीचे मूळ प्रमाणपत्र पाण्यावर सोबतच लागते, म्हणून ते जलरोधक पाकिटात घालून हँडलपुढच्या कप्प्यात कायमचे ठेवून द्यावे.

पाण्यात उतरल्यावर

जेट स्कीवरील प्रत्येकाच्या अंगात कोस्ट गार्डमान्य लाइफ जॅकेट असलेच पाहिजे; नुसते सोबत असून चालत नाही. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली हवी, म्हणजे चालक पडला की इंजिन थांबते. अग्निशामक नळकांडे हवे, आणि ते एकदा वापरून टाकण्याच्या प्रकारचे असेल तर त्यावर कोरलेले वर्ष पाहावे. १२ वर्षांहून जुने चालत नाही. अंधारात जेट स्की चालवण्यास मनाई आहे, दिवे बसवलेले असले तरीही, तेव्हा सूर्य मावळण्याआधी धक्क्याला लागलेले बरे.

एक गोष्ट प्रत्येक नवशिक्याने शांत पाण्यात, मोकळ्या जागी, स्वतः करून पाहावी. जेट स्कीला सुकाणू नसते. पंप पाणी ओढून मागच्या तोंडातून जोराने बाहेर फेकतो आणि हँडल फिरवले की ते तोंड वळते. वळण मिळते ते त्या झोताच्या रेट्यामुळे. समोर काही आडवे आले की माणूस घाबरून थ्रॉटल, म्हणजे वेग देणारी कळ, सोडतो, झोत थांबतो, आणि मग हँडल कितीही फिरवले तरी यंत्र सरळ त्या वस्तूवर जाते. मोटार चालवून अंगवळणी पडलेली सवय येथे नेमकी घात करते. अलीकडच्या काही मॉडेलांना ब्रेक किंवा थ्रॉटल सोडल्यावरही थोडे वळण देणारी सोय असते, पण तिच्यावर विसंबून राहू नये. वळताना थोडा थ्रॉटल धरून ठेवायचा, हे हाताला शिकवावे लागते, आणि ते वाचून येत नाही.

याच कारणाने अंतराचे नियम कडक आहेत. पोहणाऱ्यापासून १०० फुटांच्या आत, आणि पोहण्याचा किनारा किंवा माणसे चढ-उतार करतात तो धक्का यांपासून २०० फुटांच्या आत वेग ताशी ५ मैलांहून अधिक नको. १०० फूट म्हणजे क्रिकेटच्या जेमतेम दीड खेळपट्ट्या. ताशी ५० मैलांनी जाणारी जेट स्की एका सेकंदात ७३ फूट, म्हणजे एक आख्खी खेळपट्टी आणि वर थोडे अंतर कापते. दुसऱ्या नावेमागे उठणाऱ्या लाटेवरून, त्या नावेच्या १०० फुटांच्या आत, उडी मारणे हा गुन्हा आहे. कोणाच्या अंगावर पाणी उडवण्यासाठी जवळ जाऊन झटकन वळणे हाही गुन्हाच. तरुण मुलांना हीच गंमत वाटते, म्हणून घरातल्या मोठ्यांनी हे घरीच स्पष्ट बजावून ठेवावे.

पाण्यावरचा रस्ता-नियम जगभर सारखा आहे : समोरासमोर आल्यास दोघांनीही उजवीकडे वळायचे, आडवा मार्ग असेल तर आपल्या उजव्या हाताकडून येणाऱ्याला वाट द्यायची, आणि मागून पुढे जाणाऱ्याने दूर राहायचे. भारतात डावीकडून गाडी चालवून वाढलेल्याचा हात ऐन वेळी डावीकडे जातो, याची जाणीव ठेवावी. मागे कोणाला ओढून न्यायचे असेल तर चालकाखेरीज त्याच्याकडे पाहत बसणारा, किमान १२ वर्षांचा माणूस जेट स्कीवर हवा. ओढला जाणारा पाण्यात पडला की लाल निशाण वर धरायचे असते. मागे बसणाऱ्यांनी चालकाला घट्ट धरावे आणि शक्यतो ‘वेटसूट’ म्हणजे पाण्यात घालायचा जाड, अंगाबरोबरचा पोशाख घालावा, कारण मागे घसरून झोताच्या तोंडाशी पडल्यास शरीराच्या आत गंभीर इजा होते. दारूची मर्यादा मोटारीसारखीच ०.०८ टक्के आहे आणि २१ वर्षांखालच्यांसाठी ०.०१.

अपघात आणि विक्री

अपघातात कोणी दगावले, बेपत्ता झाले किंवा प्रथमोपचारापलीकडचे उपचार लागले, तर ४८ तासांच्या आत राज्याच्या नौकानयन व जलमार्ग विभागाकडे लेखी अहवाल द्यावा लागतो. फक्त नुकसान झाले असेल आणि ते ५०० डॉलरहून अधिक असेल, तर मुदत १० दिवसांची आहे. त्याआधी थांबून मदत करणे आणि दुसऱ्या पक्षाला आपले नाव, पत्ता व सीएफ क्रमांक देणे हे कर्तव्यच आहे.

जेट स्की विकली की पाच दिवसांच्या आत डीएमव्हीला तसे कळवावे. पत्ता बदलल्यास पंधरा दिवसांत. विकल्याचे न कळवता राहिले तर नव्या मालकाने केलेल्या चुकीची विचारणा आपल्याच दारी येते. ट्रेलर सोबत दिला असेल तर त्याचीही वेगळी सूचना द्यावी, आणि खरेदीदाराच्या सहीच्या विक्रीपत्राची एक प्रत पुढच्या १ जानेवारीनंतर येणाऱ्या काउंटीच्या बिलापर्यंत जपून ठेवावी.